नळीवरचं नाव वाचलंत, आता नळी बघा

मंडळी, थोडं कडक लिहितोय. आपल्या लोकांत, म्हणजे ग्वाल्हेर, इंदूर, देवास, बडोदे, बेळगाव इकडच्या जुन्या घरांत, रायफल विकत घेण्याची एक रीत पडली आहे आणि ती साफ चुकीची आहे. दिवाणखान्यात चहा येतो. मग गवसणीतून रायफल निघते. यजमान म्हणतात, "जर्मन आहे, आजोबांनी लंडनहून मागवलेली." पाहुणे नळीवरचं नाव वाचतात, दस्त्यावरून हात फिरवतात, "वा" म्हणतात आणि भाव ठरतो. बोल्ट बाहेर काढून नळीतून बघायचं कोणाच्या मनात आलंच तरी तो गप्प बसतो, कारण तसं करणं म्हणजे समोरच्या घराण्यावर अविश्वास दाखवणं!

दुधी भोपळा घेताना नख लावून बघणारे आपण. लाखाच्या वस्तूला मात्र संकोच.

विषय आत्ताच का काढला तेही सांगतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य लायसन्सवाल्याला बाहेरून बंदूक आणणंही बंद झालं. म्हणजे आपल्याकडे जी युरोपियन रायफल फिरते ती या घरातून त्या घरात, जुनीच. त्यात २०१९ च्या दुरुस्तीने एका लायसन्सवर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, वारशाने आलेली धरून. तेव्हापासून "तिसरी काढायची आहे" असे निरोप फिरायला लागले. आता विचार करा, जागा दोनच. त्यातली एक तुम्ही गंजलेल्या नळीने अडवली, तर ती मोकळी करायला पुन्हा कलेक्टर कचेरी, पुन्हा गिऱ्हाईक, पुन्हा वर्ष-दोन वर्षं. पूर्वी तीन होत्या तेव्हा एक खराब निघाली तर खपत असे.

आधी "जर्मन" या शब्दाचं बघू. नळीवर लंडनचं नाव असलेल्या कितीतरी रायफलींचं पोट ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यातलं आहे. रिग्बी त्यांचा इंग्लंडातला प्रतिनिधी होता. ज्या .२७५ रिग्बीचं नाव आपल्याकडे देवासारखं घेतात, ते काडतूस म्हणजे माउझरचंच ७×५७. चंपावतची वाघीण मारल्याबद्दल कॉर्बेटला १९०७ साली भेट मिळाली ती रायफल याच बोअरची. उलट बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेलने पुढे स्पेनमध्ये बनलेल्या माउझर घाटाचे सांगाडे घेऊन रायफली बांधल्या, आणि त्या चांगल्या चालतात. बेल्जियमचं एफ.एन., स्वीडनचं हुस्कवार्ना, चेकोस्लोव्हाकियातलं बर्नो हे सगळे माउझरच्याच वंशातले. बर्नोच्या झेडकेके ६०० ला आपल्या जुन्या लोकांनी "कम्युनिस्ट माल" म्हणून नाक मुरडलेलं मी ऐकलंय. मला आज चांगल्या नळीची झेडकेके आणि राजमुद्रा कोरलेली सडक्या नळीची लंडनवाली यांतून निवडायला सांगाल, तर मी एक क्षण थांबणार नाही. राजमुद्रेतून गोळी जात नाही.

आणि जर्मन असली तरी कुठल्या काळातली? १८९८ चा माउझर घाट सर्वांत भक्कम. पुढे दोन कडी, मागे तिसरं राखीव कडं, आणि काडतूस फुटलंच तर वायू बाजूला काढून देणारी बोल्टमधली भोकं. त्याआधीच्या १८९३-९५ च्या घाटात ते तिसरं कडं नाही आणि वायूची सोयही तितकी नाही. दोन्हींवर माउझरच लिहिलेलं असतं. महायुद्धानंतर फौजी रायफलींच्या नळ्या आणि दस्ते बदलून शिकारी रायफली केलेला मालही भरपूर आहे. त्यातला काही उत्तम, काही लोहाराने भट्टीत घातल्यासारखा. बोल्टचा दांडा वाकवताना किंवा जोडताना उष्णता मागे कड्यांपर्यंत गेली, तर पोलादाचा कस जातो. तो वरून दिसत नाही, पण दांड्याच्या मुळाशी निळा-तपकिरी डाग किंवा ओबडधोबड सांधा असेल तर मी ती रायफल तिथेच ठेवतो.

आता नळी. इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते, म्हणून सविस्तर लिहितो. विकणारा नळी तेलाने, ग्रीसने माखून ठेवतो. सदहेतूनेही ठेवत असेल, पण ग्रीस खड्डे बुजवतं आणि नळी आरशासारखी दिसते. स्वतःजवळचं स्वच्छ पांढरं फडकं दोन-तीनदा फिरवा, मगच बोल्ट काढून मागच्या बाजूने उजेडाकडे बघा. नुसतं "चकाकते" म्हणू नका. दोन जागा बघा. काडतुसाच्या घराच्या अगदी पुढे जिथे आटे सुरू होतात ती, आणि तोंडाचा शेवटचा इंचभर. जुनं कॉर्डाइट फार तापट. ते पुढचे आटे खाऊन टाकतं आणि ती जागा गुळगुळीत होऊन उलट चकाकते! तोंडाशी वेगळी गोष्ट. आपल्याकडचे नोकर वर्षानुवर्षं पुढून सळई घालून नळी साफ करायचे, ती सळई एकाच बाजूला घासून तोंडाची गोलाई बिघडवते. गोळी बाहेर पडताना शेवटचा स्पर्श तिथे होतो. तो कडा वाकडा, तर नेम वाकडा. चांगल्या मिस्त्रीकडून तोंड पुन्हा कापून घेता येतं, पण मग भाव त्या हिशोबाने बोला.

गंजाचं मूळ बहुतेक वेळा पावसात नसून टोपीत असतं. जुन्या काडतुसांच्या टोपीतला मसाला जळला की मीठ मागे राहतं. ते तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. ज्यांना हे ठाऊक होतं ते शिकारीहून आल्यावर बंबातलं कढत पाणी नळीतून ओतायचे, कोरडी करायचे, मग रंगून ऑइल. आमच्या आजोबांचा तो नेम होता, आजी बंब पेटवायला कुरकुरायची. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनी नुसतं भरपूर तेल घातलं आणि तेलाखाली नळी सडली. म्हणून "आमची रायफल कधी बिनतेलाची राहिली नाही" हे प्रशस्तिपत्र ऐकलं की मी जास्तच निरखून बघतो. बेळगाव-सावंतवाडीकडच्या घरांत आणखी एक करा: दस्ता उतरवायला लावा. लाकडाखाली नळीचं पोट ओलाव्याने खाल्लेलं असतं आणि वरून नळी छान काळीशार.

दस्त्याचंही असंच. बहुतेक वाड्यांत रायफली तोंड वर करून फळीला उभ्या असायच्या. तेल पन्नास वर्षं खाली झिरपून अक्रोडाचं लाकूड बोल्टच्या मागे काळं आणि मऊ पडतं. तिथे नख रुतलं तर धक्का त्या लाकडाला पेलवणार नाही, बारीक चीर पडलेलीच असते. नवीन पॉलिशखाली ती शोधा. पोलादाला नवा काळा मुलामा दिला असेल तर अक्षरांच्या कडा बोथट होतात, स्क्रूंच्या खाचा फाटलेल्या दिसतात. मुलामा देणं पाप नाही, पण तो "ओरिजिनल" म्हणून विकणं आहे.

बोल्टबद्दल एक उलटा अन्यायही होतो. माउझरचा बोल्ट पूर्ण मागे ओढला की डगमगतो. तो त्याचा स्वभाव, दोष नाही. मॅनलिकर-शोनाउअरचा लोण्यासारखा सरकतो म्हणून लोक माउझरला ढिली म्हणतात. बघायचं आहे ते बंद केल्यावर. आणि दोन्ही पुढच्या कड्यांच्या मागच्या बाजूला घासल्याची खूण सारखी आहे का ते. एकच चमकत असेल तर सगळा भार एकावर आहे. बोल्टवरचा नंबर सांगाड्यावरच्या नंबराशी जुळलाच पाहिजे. जुळत नसेल तर काडतुसाचं बूड आणि बोल्ट यांच्यातलं अंतर मिस्त्रीने गेजने मोजल्याशिवाय एकही बार काढू नका. माउझरमध्ये काडतूस हाताने थेट नळीत ठेवून बोल्ट आपटायची खोडही अनेकांना असते, त्याने काडतूस ओढणारा पंजा तुटतो. म्हणून पाचही नकली काडतुसं मॅगझीनमधून चालवून बघा. सेफ्टी लावा, चाप दाबा, सोडा, मग सेफ्टी काढा. रिकामा घोडा पडला तर रायफल परत गवसणीत. दोन चाप असलेल्या जर्मन रायफलींत हलका चाप लावून ठेवून बोल्ट जोरात बंद करा, तोही पडता कामा नये.

हे सगळं मी कशावरून चिडून लिहितोय? माझ्या भाच्याने आपल्यातल्याच एका प्रतिष्ठित घरातून ३०-०६ घेतली. मोठ्यांसमोर बोल्ट काढणं बरं दिसेना म्हणून त्याने काढला नाही. रेंजवर चौथं काडतूस बुडाजवळ फाटलं, वायू मागे आला. चष्मा होता म्हणून डोळा आहे. मिस्त्रीने पाहिलं तर बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा. त्या घरी फोन केला तर उत्तर आलं, "आमच्याकडे पन्नास वर्षं उत्तम चालली." कोणी चालवली, केव्हा चालवली, विचारायची सोय नाही. नाव लिहीत नाही, आणि कमेंटमध्ये तर्क करू नका.

काडतुसांचा प्रश्न पैसे मोजण्याआधी विचारा. .३१५ आणि ३०-०६ ची काडतुसं देशात बनतात. बाकी सुरेख बोअर सुरेखच राहतात, कपाटात. आणि कोणी जुन्या जर्मन ८ मिलिमीटरची पेटी "सोबत देतो" म्हणालं तर सावध! १९०५ च्या सुमारास जर्मनांनी त्या गोळीचा व्यास वाढवला. फरक मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढा, काडतूस दिसायला तेच. नळीवर ८×५७ च्या पुढे "एस" नसेल आणि त्यात "एस"ची गोळी घातली, तर नळीवर दाब बेसुमार चढतो. नळीखालच्या तपासणी-शिक्क्यांना म्हणूनच मी कारखान्याच्या नावापेक्षा जास्त किंमत देतो. लंडन, बर्मिंगहॅम, लिएज, सगळीकडे सरकारमान्य तपासणीघरं होती आणि जादा दाबाचा बार काढूनच शिक्का बसे. इंग्रजी नळीवर "नायट्रो प्रूफ" शोधा. बोअर नंतर बदलून पुन्हा तपासणी झाली नसेल तर तो शिक्का या नळीचा राहिला नाही.

विकणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की गिऱ्हाईकाने बोल्ट मागितला तर तोंड वाकडं करू नका. बडोद्याच्या एका गृहस्थांनी मला रायफल देऊ केली, भाव चांगला दणदणीत सांगितला, सोबत आजोबांचा वाघावर पाय ठेवलेला फोटो पाठवला. मी कळवलं, फोटो उत्तम, आता बोल्टच्या नंबरचा, नळीच्या तोंडाचा आणि खालच्या शिक्क्यांचा पाठवा. दोन महिने झाले, वाघाचे आणखी दोन फोटो आले आहेत.