कॅन्सर उलटल्याची शंका : सोबत हवी समदुःखी बाईची

स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले, केमोथेरपी झाली, शेक देऊन झाले, गेलेले केसही परत आले. घरच्यांनी देवापुढे नारळ फोडला आणि विषय संपला असे सर्वांना वाटले. अशा बाईला चार-सहा वर्षांनी जुन्या व्रणाजवळ बारीकशी गाठ हाताला लागते, किंवा कंबर महिनाभर दुखत राहते. डॉक्टर म्हणतात, "एकदा तपासून घेऊ." तेव्हापासून रिपोर्ट हाती येईपर्यंतचे आठ-पंधरा दिवस ती कसे काढते, याविषयी आपल्याकडे कोणी फारसे बोलत नाही. माझे मत असे की, त्या दिवसांत तिला याच वाटेने गेलेल्या दुसऱ्या बाईची सोबत मिळाली पाहिजे, आणि ती मिळवून देण्यात आम्हा डॉक्टरांनी पुढाकार घेतला पाहिजे.

प्रथम आजाराविषयी थोडेसे. शंका म्हणजे निदान नव्हे. व्रणाजवळची गाठ कधी नुसत्या घट्ट झालेल्या चरबीची निघते. कंबर मणक्याच्या झिजेनेही दुखते, आणि हार्मोनच्या काही गोळ्यांनी सांधे धरतात. मात्र व्रणाजवळ, काखेत किंवा गळ्याच्या हाडावर नवी गाठ, हाडातले न थांबणारे दुखणे, लांबलेला खोकला, धाप, कारण नसता घटणारे वजन यांपैकी काहीही असल्यास तपासणी टाळू नये. काही प्रकारचा स्तनाचा कॅन्सर दहा वर्षांनंतरही उलटू शकतो. उलटलाच, तर तो छातीपुरता किंवा काखेपुरता असल्यास पुन्हा बरा करण्याच्या उद्देशानेच उपचार होतात. हाडात किंवा फुप्फुसात पसरला असल्यास तो सहसा समूळ जात नाही, तरी उपचार घेत कित्येक जणी वर्षानुवर्षे संसार करतात. 'उलटला म्हणजे संपले' ही समजूत आता सोडून द्यावी.

घरात बोलता का येत नाही?

आपल्या भागात या आजाराचे नाव घरातसुद्धा दबक्या आवाजात घेतात. मुलीच्या सोयरिकीला अडचण नको म्हणून ऑपरेशन 'गर्भाशयाचे' होते असे सांगणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. वास्तविक स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात, आणि हा आजार स्पर्शाने तर मुळीच होत नाही. अकोल्याकडील एक बाई मला म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, सांगू तं कोनाले? सांगतलं तं घरातली चूल नाही पेटत, अन् नाही सांगतलं तं मले झोप नाही लागत." यापेक्षा नेमके वर्णन मला करता येणार नाही. नवरा घाबरेल, पोरे परीक्षा सोडून बसतील, म्हणून ती गप्प राहते. आणि सांगितलेच, तर घरचे म्हणतात, "काही होत नाही, मनात वाईट आणू नको." झाले, बोलणे तिथेच थांबते.

मोठ्या शहरांत कॅन्सरमधून बऱ्या झालेल्यांचे मेळावे होतात. ते चांगलेच आहेत. परंतु आजार उलटल्याची शंका आलेली बाई तिथेही अवघडते. आपल्याला पाहून बाकीच्या घाबरतील असे तिला वाटते, आणि त्यांनाही तिच्याकडे पाहून धास्ती वाटते, हे खरे आहे. म्हणून तिला गाठ घालून द्यायची ती अशा बाईशी, जिने शंकेचे हे दिवस स्वतः काढले आहेत.

ही कल्पना नवी नाही

अमेरिकेत १९५२ मध्ये टेरेस लासर या बाईंचे स्तनाचे ऑपरेशन झाले. हात वर कसा करायचा, कपडे कसे घालायचे, नवऱ्याशी काय बोलायचे, हे सांगणारे तिथेही कोणी नव्हते. म्हणून त्या स्वतःच नुकते ऑपरेशन झालेल्या बायकांच्या खाटांपाशी जाऊन बसू लागल्या. सुरुवातीला डॉक्टरांना ही लुडबूड वाटली. पण १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हेच काम आपले म्हणून स्वीकारले. मुंबईत वंदना गुप्ता या स्वतः कॅन्सरमधून उठलेल्या बाईंनी १९९४ मध्ये 'व्ही केअर' ही संस्था काढली. तिचे स्वयंसेवक टाटा रुग्णालयातील रुग्णांना धीर देतात.

आणि आपल्या मातीचे उदाहरण तर आहेच. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा दादरला आहे. टाटा रुग्णालयात उपचार घेणारे गोरगरीब रुग्ण तिथे उतरतात. तिथून आलेल्या बायका मला सांगतात, की केमोच्या उलट्या, तोंडातले फोड, रिपोर्टची वाट पाहणे, हे सारे शेजारच्या खाटेवरच्या बाईशी बोलूनच निभावले. गावी परतल्यावर मात्र ही सोबत तुटते.

सोबतीने आयुष्य वाढते काय, असे वाचक विचारतील. १९८९ मध्ये अमेरिकेतील डॉ. डेव्हिड स्पीगल यांनी ८६ स्त्रियांच्या अभ्यासावरून, आजार पसरलेल्या ज्या स्त्रिया दर आठवड्याला गटात बसून बोलल्या त्या इतरांपेक्षा अधिक जगल्या, असे लिहिले. जगभर आशा निर्माण झाली. पुढे २००१ मध्ये कॅनडातील २३५ स्त्रियांच्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. परंतु मनाचा त्रास आणि वेदनेची जाणीव कमी झाली, विशेषतः ज्या आधी फार खचल्या होत्या त्यांची. तेव्हा सोबत हा कॅन्सरवरचा इलाज आहे असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. पण रात्रीची झोप आणि दुखणे सोसण्याचे बळ यांची किंमत रुग्णाला विचारावी.

आपल्याकडे काय करता येईल?

यासाठी इमारत नको, वर्गणी नको. माझी सूचना साधी आहे. अमरावतीच्या बाईला अकोल्याची आणि अकोल्याच्या बाईला अमरावतीची सोबतीण जोडून द्यावी. गाव वेगळे असल्याने बोभाटा होण्याची भीती राहत नाही. रोजचे बोलणे फोनवर होते, आणि भेटायचेच झाले तर बडनेऱ्याहून गाडीने जाता येते. मात्र काही पथ्ये पाळावीत.

१. दोघींना विचारल्याशिवाय डॉक्टरांनी कोणाचे नाव अथवा फोन नंबर देऊ नये.

२. सोबतीण स्वतःच्या मोठ्या उपचारांतून निदान वर्षभरापूर्वी सावरलेली असावी.

३. तिने औषध, जडीबुटी, बुवा-महाराज किंवा उपास यांचा सल्ला देऊ नये. एकीचा कॅन्सर दुसरीसारखा नसतो. औषधाचा प्रश्न डॉक्टरांकडेच न्यावा.

४. "काही होत नाही" असे म्हणू नये. "मलाही अशीच भीती वाटली होती" एवढे म्हटले तरी पुरते. मग ऐकावे.

५. झोप, जेवण पार उडाले असेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर सोबतिणीवर विसंबू नये. डॉक्टरांना लगेच कळवावे. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येते.

घरच्या मंडळींना एवढेच सांगणे, की आपली बाई परक्या बाईशी तासभर फोनवर बोलते म्हणून वाईट वाटून घेऊ नये. जे तुम्हाला सांगितले तर तुम्ही रडाल, ते ती तिकडे सांगून मोकळी होते. तुम्ही तपासणीला तिच्याबरोबर जा, जुन्या फाइली सांभाळा, रिपोर्टच्या दिवशी रजा काढा.

शेवटी विनंती आहे ती बऱ्या झालेल्या भगिनींना. अमरावती-अकोल्यात तुम्ही थोड्याथोडक्या नाही, पण एकमेकींना ठाऊक नाही. चारचौघांत सांगा असे मी म्हणत नाही. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा आपल्या डॉक्टरांच्या कानावर एवढेच घाला : "एखादी घाबरलेली बाई आली, तर तिला माझा नंबर द्या."