पाण्यातले खुंट

ज्यांना प्रत्यक्ष प्रवास घडत नाही, त्यांच्यासाठी छायाचित्रे व चित्रफिती हेच देशाटन. स्कॉटलंडचे किल्ले, जुने वाडे व पूल मी असेच घरबसल्या पाहिले. एडिंबरोनजीकचा, १८९० साली खुला झालेला फोर्थ रेल्वे पूल डोळ्यांचे पारणे फेडतो. परंतु माझी नजर खिळली ती डंडी येथील टे पुलाच्या चित्रावर. त्याच्या शेजारी पाण्यातून डोकावणाऱ्या जुन्या खांबांच्या खुंटांवर.

१८७८ साली खुला झालेला तेथील पहिला पूल २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री धावत्या आगगाडीसह कोसळला. गाडीतील एकही जीव वाचला नाही. अभियंता सर टॉमस बाउच यांनी वाऱ्याच्या दाबाची दखल घेतली नव्हती, हे चौकशीत उघड झाले. फोर्थवरील त्यांचा नियोजित पूल रद्द झाला. फाउलर व बेकर यांनी वाऱ्याचा हिशेब चोख मांडूनच आजचा पूल उभारला.

आपण डॉक्टर मंडळी मात्र परिषदांतून यशस्वी शस्त्रक्रियांच्याच चित्रफिती दाखवतो. फसलेल्या उपचारांविषयी खासगीत कुजबुजतो. माझे स्पष्ट मत आहे की, आपल्या मासिक सभेत एक सत्र अशा फसलेल्या उपचारांसाठी राखावे. रुग्णाची ओळख गुप्त राहावी, दोषारोप टाळावेत; पण चूक निःसंकोचपणे मांडावी. आपली मान क्षणभर खाली जाईल खरी. परंतु त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या हातून तीच चूक टळेल.