तक्रार गाळलेली भक्ती

आषाढी जवळ आली की नाट्यगृहांबाहेर अभंगांच्या कार्यक्रमांचे फलक लागतात. कार्यक्रमाचा साचाही आता ठरून गेला आहे. आधी रूपाचा अभंग, मग चढत्या लयीतले चार-पाच, मध्ये पखवाज-तबल्याची जुगलबंदी आणि शेवटी सगळ्यांनी टाळ्या धरायचा गजर. गाणारे तयारीचे असतात, वादकही कसलेले. पण देवाशी घातलेलं भांडण, गेलेल्या माणसासाठीचा शोक, दाराबाहेर उभं ठेवल्याचा संताप या गोष्टी त्या दोन तासांत अभावानेच ऐकू येतात. भक्तिसंगीतातून दुःख असं वगळलं की जे राहतं ते सुरेल असेल, पण त्याला प्रार्थना म्हणायला माझी तयारी नाही.

प्रार्थना आणि दुःख वेगळी काढता येत नाहीत, याचा सर्वांत भक्कम पुरावा मैफलीत सापडत नाही, तो जात्यावर सापडतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांना सोबत घेऊन जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी १९९० च्या दशकात त्यांतल्या अनेक ध्वनिमुद्रित केल्या. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाने २०१७ पासून त्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करायला सुरुवात केली. या संग्रहात विषयवार वर्गीकरण आहे: देव, माहेर, भाऊ, सासुरवास, सीतेचा वनवास. संशोधनासाठी ते हवंच. मात्र ऐकताना हे कप्पे टिकत नाहीत. पहाटेच्या अंधारात, खुंट्याला हात घालून म्हटलेली पहिली ओवी देवाची, आणि पाळू दोन फेरे फिरेपर्यंत तोच देव बाप झालेला असतो, पंढरपूर माहेर झालेलं असतं आणि बाई त्याला विचारत असते की माझी आठवण कशी नाही झाली. सीतेच्या ओव्यांत वनवास रामायणातला असला तरी कढ गाणारीचा स्वतःचा असतो. यातली नमनाची ओवी कुठे संपली आणि रडगाणं कुठे सुरू झालं, हे कुणी दाखवून द्यावं.

संगीताच्या अंगानेही हे पाहण्यासारखं आहे. जात्याची घरघर हाच इथला ताल आणि हाच भरणा. एकीने ओळ उचलायची, समोरचीने झेलायची. वैरण घालायला हात गेला की स्वरही थबकतो. समोर श्रोता नाही, त्यामुळे कुणाला खूश करण्याचा प्रश्न नाही. सासूची, नवऱ्याची, नशिबाची जी गोष्ट दिवसाउजेडी बोलता येत नव्हती ती गळ्यावर घेतली की म्हणता येत होती. चाल दुःखाला सजवत नाही, ती त्याला उच्चारण्याची परवानगी देते. आशेचा उगमही मला तिथेच दिसतो. या ओव्यांतली आशा अगदी लहान मापाची असते: भाऊ न्यायला येईल, लेक शिकेल, पीक बरं येईल. आपलं कुणीतरी ऐकतं आहे, एवढ्या एका विश्वासावर ती उभी असते. पतीच्या निधनानंतर शेत आणि घर ओढणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरींची गाणी याच कुळातली. ती १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली तेव्हा त्या हयात नव्हत्या.

संतांची परंपराही याहून वेगळं सांगत नाही. चोखामेळ्याची भक्ती मंदिराबाहेर उभी राहून केलेली आहे आणि ते बाहेर असणं त्याच्या अभंगांतून पुसता येत नाही. जनाबाई विठ्ठलाला दळायला लावते आणि त्याच तोंडाने त्याला झाडतेही. ज्ञानेश्वरांच्या समाधीवरचे नामदेवांचे अभंग म्हणजे मराठीतला थोर शोक, आणि वारकरी कीर्तनात तो अजून जिवंत आहे. रंगमंचावर मात्र याच संतांची निवड होते ती पहिल्या टाळीपर्यंत किती वेळ लागतो हे बघून.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की, हे कष्टांचं उदात्तीकरण आहे. पहाटे उठून दळण्यात रम्य असं काही नव्हतं, आणि गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांनी सुटकेचा श्वासच घेतला असणार. हे मला पूर्ण मान्य आहे. जातं गेलं ते बरंच झालं. माझी तक्रार जातं गेल्याची नाही. त्यासोबत दुःख बोलण्याची जी मुभा गाण्यात होती तीही गेली आणि तिची जागा कशानेच भरली नाही, ही खंत आहे. दुसरा आक्षेप रसिकाचा: दिवसभर दमून आलेल्या माणसाला दोन घटका आनंद हवा, त्याला शोक कशाला ऐकवता? पण भीमसेन जोशींच्या संतवाणीला लोटलेले श्रोते काही केवळ उल्हासासाठी जमत नव्हते. त्या आवाजात आर्त होतं आणि ते ऐकायलाच लोक येत. श्रोत्याला दुःख पेलत नाही, हा आयोजकांचा समज आहे.

तिसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जो देवच मानत नसेल त्याच्या गाण्याला प्रार्थना कसं म्हणायचं? उत्तर ओव्यांच्या त्याच संग्रहात आहे. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या दलित वस्तीत १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांत, जिथे पूर्वी देवांची नावं यायची तिथे बुद्ध आणि भीमराव येतात. बाकी घडण जुन्या ओवीचीच. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब आंबेडकर गेल्याचं दुःख आणि मुलं शिकून मोठी होतील ही उमेद, दोन्ही एकाच गळ्यावर. वामनदादा कर्डकांनी गावोगाव नेलेल्या भीमगीतांतही हीच जोडी आहे. तिथे मागणं कुठल्या मूर्तीपाशी नाही, तरी हाक तितकीच खरी आहे. ज्यांना हे प्रार्थनेत बसवता येत नाही त्यांनी आपली व्याख्या तपासावी.

तेव्हा आषाढीच्या कार्यक्रमांच्या आयोजकांना एक विनंती. दहा अभंगांतले निदान तीन भांडणाचे, शोकाचे घ्या, त्यांना जलद लयीत ढकलू नका, आणि त्यांच्या शेवटी टाळ्या मागू नका. जमल्यास ओवी गाणाऱ्या एखाद्या आजींनाही मंचावर बोलवा, आणि मानधन मुख्य गायकाइतकं द्या.