बेटावरचे फ्रेंच पान

मुंबई हे मुळात बेट आहे. किंबहुना सात बेटांमध्ये भराव घालून केलेले एक बेट आहे, हे लोकलच्या गर्दीत कुणाच्या ध्यानात राहत नाही. या बेटावर फ्रेंचांनी कधी राज्य केले नाही. पाव आणला पोर्तुगीजांनी, बिस्कीट रुजवले इंग्रजांनी आणि ब्रून-मस्क्याची गोडी लावली इराण्यांनी. फ्रेंचांची आठवण काढायची तर ती पाँडिचेरीत, माहेत किंवा चंदननगरात. तरीही मुंबईत चांगले फ्रेंच जेवण कोठे मिळते, ही विचारणा वारंवार होते. परदेशातून परतलेली मुले विचारतात, उत्तरेत बदलीवर असलेली आणि सुटीत मुंबईस येणारी मराठी कुटुंबेही विचारतात. उत्तरादाखल एखाद्या पंचतारांकित हॉटेलाचे नाव सांगितले जाते आणि विषय तेथेच संपतो. तो तेथे संपू नये.

पंजाबातील खरड या गावापासून जवळच असलेले चंदीगड पाहिले, तर एक मौज ध्यानात येते. ते शहर आखले ल कार्बुझिए यांनी, जे जन्माने स्विस असले तरी १९३० मध्ये फ्रेंच नागरिक झाले होते. त्यांचे चुलतबंधू पिएर जानरे १९६५ पर्यंत तेथे राहून काम करीत होते. शहराच्या काँक्रीटला फ्रेंच विचाराचे वळण लाभले. ताटातले छोले आणि पराठे मात्र आपल्या जागी अढळ राहिले. मुंबईत नेमके उलट घडले. येथे फ्रेंच वास्तुकार आला नाही, पण फ्रेंच स्वयंपाक आला, आणि तो बहुतेकांच्या नकळत आला.

प्रथम हॉटेलांविषयी. अपोलो बंदरावरचे ताजमहाल हॉटेल १९०३ साली उघडले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये ओग्युस्त एस्कोफिए यांचा पाकशास्त्राचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला आणि जगभरच्या मोठ्या हॉटेलांची मुदपाकखाने त्यावर चालू लागली. ताजच्या नव्या इमारतीच्या माथ्यावर पुढे ‘राँदेव्हू’ हे फ्रेंच उपाहारगृह होते. जुन्या ताजमध्ये ‘झोडिअॅक ग्रिल’ होते आणि तेथील कॅमाँबेर चीजच्या पदार्थाची ख्याती होती. दोन्ही आता नाहीत. केवळ वैभवाच्या बळावर उभे राहिलेले जेवण वैभवाची तऱ्हा बदलली की उठून जाते, त्याबद्दल फार हळहळण्याचे कारण नाही.

खरे फ्रेंच पाकशास्त्र मुंबईत टिकले ते दादरला, वीर सावरकर मार्गावरच्या ‘केटरिंग कॉलेजा’त. १९५४ साली सुरू झालेल्या या संस्थेने मध्यमवर्गीय घरांतील कितीतरी मुलामुलींच्या हाती सुरी आणि पांढरी टोपी दिली. वरण-भातावर वाढलेली ही मुले पहिल्याच वर्षी ‘बेशामेल’, ‘व्हेलुते’ असे शब्द घोकतात, लोणी आणि मैदा समभाग परतून ‘रू’ करतात. अळूच्या फदफद्याला डाळीचे पीठ लावणारी त्यांची आजी थोड्या फरकाने हेच करीत असते. फरक एवढाच, की फ्रेंचांनी त्या कृतीला नाव दिले, माप दिले आणि ती ग्रंथात बसवली. स्वयंपाकास हात घालण्यापूर्वी सारे जिन्नस चिरून, मोजून, जागच्या जागी मांडून ठेवायचे, या शिस्तीलाही त्यांच्याकडे स्वतंत्र नाव आहे. खिडकी उघडण्यापूर्वी गड्ड्या लावून बसणाऱ्या रोखपालास ती वेगळी समजावून द्यावी लागणार नाही.

अलीकडे असा सूर ऐकू येतो, की आपल्या मुलांना हे परके पाकशास्त्र शिकवायचे कशाला? पुढे त्यांना पनीरच तर करायचे आहे. हा युक्तिवाद वरवर स्वाभिमानाचा वाटला, तरी तो तोट्याचा आहे. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० मध्ये मराठी स्वयंपाक नेमक्या मापांत मांडला आणि म्हणूनच तो परगावी गेलेल्या सुनांच्या, मुलांच्या हाती सुखरूप पोचला. हॉटेलच्या मोठ्या चुलीसाठी असे काम अद्याप पुष्कळ व्हायचे आहे, आणि ते करण्याची हातोटी फ्रेंच पद्धतीतच शिकवली जाते. ती काढून टाकली तर पनीरही धड होणार नाही.

या जेवणाचा खरा शत्रू मुंबईची हवा. क्रोआसाँच्या पिठात लोण्याचे पदर घालायचे, तर लोणी घट्ट पण लवचीक राहिले पाहिजे. मे महिन्यात ते हातातच पाघळते. बदामाच्या पिठाचे मॅकरून तर दमट हवेत नरमतात. पॅरिसमध्ये शिकून आलेल्या पूजा धिंग्रा यांनी २०१० मध्ये ‘ल क्विंझ’ हे मिठाईगृह याच शहरात मॅकरूनच्या बळावर उभे केले. त्यांचे कुलाब्याचे कॅफे मात्र २०२० च्या टाळेबंदीत बंद झाले. अशा धंद्यात भट्टीइतकाच खर्च गारव्यावर होतो. घरगुती बेकरीसाठी मुद्रा योजनेतून कर्ज मागणाऱ्या तरुणीच्या अर्जात वातानुकूलन यंत्र दिसले, तर शाखेतील अधिकाऱ्याने ते चैनीची वस्तू म्हणून खोडू नये. येथे ते यंत्र पोळपाटाइतकेच गरजेचे आहे.

हवेशी न झगडणारे फ्रेंच पदार्थही आहेत. २०११ मध्ये नरिमन पॉइंटला ‘सुझेत’ने ब्रिटनी प्रांतातील ‘गालेत’ आणले. पातळ, जाळीदार, कडेला कुरकुरीत असा हा पदार्थ पाहून कोकणातील माणूस त्यास बिनदिक्कत घावन म्हणेल. त्याचे पीठ असते कुट्टूचे. खरड-चंदीगडकडे नवरात्रात उपवासाला जे घरोघर मळले जाते तेच. तेव्हा फ्रेंच जेवणाची पहिली ओळख करून घ्यायची तर ती गालेतपासून घ्यावी. खिशास झेप कमी पडते आणि पदार्थांच्या यादीतील उच्चारांचे भयही वाटत नाही. उच्चारांचे भय खरोखर अनाठायी आहे. ऑम्लेट, कटलेट, बुफे, कॅफे हे शब्द फ्रेंचांचेच. मराठी माणूस ते मुंजीत आणि लग्नात सुखाने वापरतो.

दुसरी पसंती मासळीची. मैद्यात घोळवून लोण्यात तळलेला आणि वर लिंबू पिळलेला मासा ही फ्रेंचांची साधी व उत्तम कृती. त्यासाठी परदेशातून गोठवून आणलेल्या सामनची काहीही गरज नाही. रावस किंवा पापलेट तिला शोभून दिसते. आयात माल मांडून दुप्पट दर लावणाऱ्या उपाहारगृहापेक्षा ससून डॉकवरून सकाळी मासळी आणणारे उपाहारगृह अधिक फ्रेंच समजावे, कारण बाजारात त्या दिवशी जे ताजे असेल ते शिजवणे हीच त्या देशाची रीत आहे. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांच्या मासेमारीस बंदी असते. त्या दिवसांत वाढप्याला ‘मासळी कोठली?’ एवढे विचारावे, आणि तो अडखळला तर कांद्याचे सूप मागवून नारळी पौर्णिमेची वाट पाहावी.