‘पुराव्याअभावी’ : एका शब्दाचा न्याय

वृत्तपत्रीय मराठीने रूढ केलेला ‘पुराव्याअभावी सुटका’ हा शब्दप्रयोग वरवर पाहता केवळ एक वस्तुस्थिती सांगतो. परंतु त्याचा ध्वनी निराळा आहे. गुन्हा घडला तो याच माणसाच्या हातून, तो सिद्ध मात्र करता आला नाही, असा भाव त्यातून वाचकाच्या मनात नकळत उतरतो. ‘सुटला’ हे क्रियापदही त्याच जातीचे. जाळ्यातून मासा सुटावा तसा आरोपी कायद्याच्या हातून सुटतो. न्यायालयाने जे कर्तव्य म्हणून केले, त्याला भाषा निसटण्याचे रूप देते.

कायद्याची मराठी याहून काटेकोर आहे. खटला सत्र न्यायालयाकडे सोपविण्यापूर्वी दंडाधिकाऱ्याने करावयाची प्राथमिक चौकशी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने रद्द केली आणि चाळणीचे काम कलम २२७ अन्वये सत्र न्यायाधीशावर सोपविले. खटला पुढे चालविण्यास पुरेसे कारण नसेल, तर कारणे नोंदवून आरोपीला ‘विनादोषारोप’ सोडावे, असे हे कलम सांगत असे. साक्षी झाल्यानंतर पुरावाच नाही असे दिसले, तर कलम २३२ अन्वये बचावाची साक्ष न मागविता ‘दोषमुक्ती’ होई. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच तत्त्वे कलम २५० व २५५ मध्ये आली आहेत. अभियोग पक्षाने दिलेले कागद पुढे धाडणारी टपाल कचेरी म्हणजे न्यायाधीश नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली प्रफुल्लकुमार सामल खटल्यात स्पष्ट केले. साधा संशय आणि गंभीर संशय यांतील अंतर न्यायाधीशाने स्वतः तोलावयाचे असते.

ही चाळणी नसली तर काय होते, याचे चित्र मराठी रंगभूमीने फार पूर्वी पाहिले आहे. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकातील अभिरूप न्यायालयात ऐकीव गोष्टी साक्ष ठरतात आणि न्यायाधीश काशीकर स्वतःच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात शिरतात. ‘आरोप ठेवण्याइतके तरी काही आहे काय?’ हा एकच प्रश्न त्या सभागृहात कुणी विचारला असता, तर खेळ तेथेच थांबला असता. तो कुणी विचारीत नाही, हीच त्या नाटकातील क्रूरता होय.

प्रत्यक्षातील न्यायालयात हा प्रश्न विचारला जातो. परंतु केव्हा, याचे उत्तर मालेगावने दिले आहे. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, तेथे झालेल्या स्फोटांत तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुस्लिम आरोपींवर मोक्का लावला. २०११ मध्ये तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. त्या यंत्रणेला त्यांच्याविरुद्ध पुरावा आढळला नाही. त्याच वर्षी त्यांना जामीन मिळाला आणि २५ एप्रिल २०१६ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना आरोपातून मुक्त केले. तोवर नवांपैकी एकाचे निधन झाले होते. कायद्याच्या दृष्टीने हा खटला आरंभीच संपला. माणसांच्या आयुष्यात मात्र त्या आरंभाला जवळजवळ दहा वर्षे लागली.

या नवांपैकी दोघे ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकलमधील स्फोटांच्या खटल्यातही आरोपी होते. तेथे खटला शेवटपर्यंत चालला. २०१५ मध्ये एकाला फाशीची व दुसऱ्याला जन्मठेपेची शिक्षा झाली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या खटल्यातील सर्व बारा जणांची शिक्षा रद्द केली. त्यानंतर तीनच दिवसांनी, हा निकाल इतर खटल्यांत दाखला मानू नये, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात धाडले नाही.

खटला अर्ध्यावर थांबविणे हा मृतांच्या आप्तांवर अन्याय आहे, असा आक्षेप घेतला जातो. त्यांच्या दुःखापुढे तो हलका मानता येणार नाही. पण दुबळा पुरावा त्यांना न्यायालयाने दिलेला नसतो, तपासाने दिलेला असतो. चुकीच्या माणसावर वर्षानुवर्षे चाललेला खटला त्यांना न्याय देत नाही. खऱ्या गुन्हेगाराचा माग तेवढा जुना करतो.

अधिक खोल अडचण निराळीच आहे. विनादोषारोप सुटका म्हणजे दोषमुक्ती नव्हे, आणि एकाच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला न होण्याचे जे संरक्षण दोषमुक्ताला मिळते ते अशा सुटकेला लागू नाही, असे कायदाच सांगतो. नवा पुरावा आल्यास दार उघडे राहावे, हे त्यामागील कारण रास्त आहे. परंतु अशा माणसाच्या हाती ‘निर्दोष’ हा शब्द येत नाही. कायदा जी जागा रिकामी ठेवतो, ती समाज ‘पुराव्याअभावी’ या शब्दाने भरून टाकतो.

येथे भाषेच्या अभ्यासकांचे काम सुरू होते. ‘आरोपी पुराव्याअभावी सुटले’ या वाक्यात कर्ता आरोपी आहे. ज्याच्याकडे पुरावा नव्हता तो अभियोग पक्ष वाक्यातून नाहीसाच झाला आहे. ‘आरोप ठेवण्याइतकाही पुरावा अभियोग पक्षाला आणता आला नाही’ असे म्हटले, की उणीव कुणाची हे वाक्यच सांगते. कोशकार, संपादक आणि वार्ताहर यांनी हे दुसरे वाक्य रूढ करावे. मालेगावला परतलेल्या माणसाला शेजारी विचारतात ते पहिल्या वाक्यातूनच. आणि त्या प्रश्नावर अपील करता येत नाही.