नवख्या श्रोत्यासाठी जाझ-फ्यूजन

कोणत्याही विषयाशी नवख्याची ओळख करून द्यावयाची ती इतिहासाच्या पहिल्या पानापासून, अशी आपल्याकडील अध्यापनाची जुनी रूढी आहे. अर्थशास्त्र शिकू पाहणाऱ्या मुलाच्या हाती पहिल्याच दिवशी रिकार्डो ठेवावा आणि मुलगा वर्गातून पळाला की त्याच्या बुद्धीला दोष द्यावा, तसा हा प्रकार. जाझ-फ्यूजन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीताच्या बाबतीत हेच घडत आले आहे. जाणकाराकडे शिफारस मागावी तर तो माइल्स डेव्हिसची 'बिचेस ब्रू' ही १९७० सालची जोड-ध्वनिमुद्रिका पुढे करतो. ती थोर आहे यात शंका नाही. पण दीड तासाहून अधिक चालणारे, सम कोठे येते याचा पत्ता लागू न देणारे ते वादन नवख्याने पंधरा मिनिटे ऐकावे, गोंधळून जावे आणि 'हे आपल्यासाठी नव्हे' असा निष्कर्ष काढून मोकळे व्हावे, हेच बहुधा घडते. हा निष्कर्ष सांस्कृतिकदृष्ट्या घातक आहे. जे संगीत एके काळी हजारो सामान्य तरुणांसमोर वाजले, ते अशाने मूठभर दीक्षितांची मिरास होऊन बसते.

या संगीताचा जन्म कसा झाला हे थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जाझचा श्रोतृवर्ग आटत चालला होता आणि रॉकचा वाढत होता. डेव्हिसने फेब्रुवारी १९६९ मध्ये 'इन अ सायलेंट वे' व त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये 'बिचेस ब्रू' ध्वनिमुद्रित केले, त्यांत विजेवर चालणारे पियानो आणि गिटार आणले, आणि मार्च १९७० मध्ये तो न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या रॉकच्या रंगमंचावर जाऊन उभा राहिला. कंपनीच्या दडपणाखाली त्याने जाझ विकले, अशी टीका तेव्हा झाली व अद्यापही होते. कोलंबिया कंपनीला मोठा ग्राहकवर्ग हवा होता हे खरेच आहे. परंतु केवळ विक्रीवर डोळा ठेवणारा माणूस वीस-वीस मिनिटांची, गाण्याविना चालणारी वादने तबकडीवर घालत नाही. रेडिओवर तीन मिनिटांचे गीत चालत असताना त्याने हा उद्योग केला, हे टीकाकार सोयीस्करपणे विसरतात.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये 'प्रोग्रेसिव्ह रॉक' नावाचा प्रवाह निघाला. या नावातील 'पुरोगामी' शब्दाने समाजवादी वाचकांनी फारसे हुरळून जाऊ नये. तेथे त्याचा अर्थ लांबलचक रचना, विषम मात्रांची आवर्तने, ऑर्गन व सिंथेसायझर यांचा सोस आणि पाश्चात्य अभिजात संगीताकडे वळलेली नजर एवढाच आहे. या प्रवाहातील काही नामवंतांची राहणी तर जमीनदारांना शोभणारी होती. तथापि आराखडा बांधून वाजविण्याची प्रोग्रेसिव्ह रॉकची शिस्त आणि ऐन वेळी सुचेल ते वाजविण्याची जाझची मुभा जेथे एकत्र आली, तेथे नवख्यासाठी सर्वांत सुगम वाट आहे. आराखड्याचा आधार असल्यामुळे श्रोता हरवत नाही.

पहिली शिफारस करावयाची ती बिली कॉबम या ड्रमवादकाच्या 'स्पेक्ट्रम' (१९७३) ची. कॉबमचा जन्म पनामाचा. या ध्वनिमुद्रिकेत 'स्ट्रेटस' नावाची एक रचना आहे. सुरुवातीचा धूसर भाग संपला की ली स्क्लार या बास-गिटारवादकाने एक लहानशी स्वरओळ धरलेली ऐकू येते आणि ती तो जवळजवळ शेवटपर्यंत सोडत नाही. ज्याने एकल तबलावादनाची एखादी बैठक ऐकली आहे त्याला हे परके वाटू नये. हार्मोनियमवरचा लेहरा जे काम करतो तेच ही ओळ करते. तिच्या आधाराने ड्रम आणि टॉमी बोलिनची गिटार वाटेल तेवढी दूर जाऊन परत येतात. नवख्याने सगळी वाद्ये एकदम ऐकण्याचा अट्टहास धरू नये. पहिल्या वेळी फक्त बास ऐकावा, दुसऱ्या वेळी ड्रम, मग गिटार. तिसऱ्या-चौथ्या श्रवणात चित्र आपोआप जुळते.

त्याच्या जोडीला फ्रँक झापाची 'हॉट रॅट्स' (१९६९) ठेवावी. तिची पहिली रचना 'पीचेस एन रेगालिया' जेमतेम साडेतीन मिनिटांची, शिट्टीवर वाजविता येईल अशी सुरेल, पण आत बारीक विणकाम भरलेली आहे. सोळा पट्ट्यांच्या ध्वनिफितीचे तंत्र तेव्हा नवे होते. त्याचा लाभ घेऊन इयन अंडरवुड या एकट्या वादकाने अनेक सुषिर व स्वरपट्टीची वाद्ये एकावर एक चढविली आहेत.

यानंतर महाविष्णु ऑर्केस्ट्रा. येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण या प्रकारातील सर्वांत तेजस्वी आणि सर्वांत बोधप्रद प्रकरण हेच होय. १९७१ मध्ये न्यूयॉर्क येथे जमलेल्या या पंचकाची घडण पाहावी : गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यॉर्कशायरचा, कॉबम पनामाचा, सिंथेसायझरवादक यान हॅमर प्रागचा व १९६८ च्या सोव्हिएत आक्रमणानंतर मायदेशाबाहेर पडलेला, व्हायोलिनवादक जेरी गुडमन शिकागोचा, बासवादक रिक लेयर्ड डब्लिनचा. नाव मॅक्लॉफ्लिनचे गुरू श्री चिन्मय यांनी दिलेले. 'दि इनर माउंटिंग फ्लेम' (१९७१) आणि 'बर्ड्स ऑफ फायर' (१९७३) या त्यांच्या दोन ध्वनिमुद्रिका. दुसरीपासून आरंभ करावा. तिच्या शीर्षक-रचनेचे आवर्तन १८ मात्रांचे आहे. झपतालाच्या दहा आणि रूपकाच्या सात मात्रा ज्याच्या कानांना सवयीच्या आहेत, त्या मराठी श्रोत्याला हे आवर्तन पाश्चात्य श्रोत्यापेक्षा लवकर सापडण्याचा संभव आहे. गिटार, व्हायोलिन आणि सिंथेसायझर यांच्यात आळीपाळीने जी सवाल-जवाबाची झटापट होते तिचेही तेच.

हे पंचक १९७३ संपता संपता फुटले. आध्यात्मिक शिस्तीचा जाच, प्रसिद्धीचा ताण ही कारणे होतीच. पण वादाचा एक मुद्दा निखळ आर्थिक होता. दोन्ही ध्वनिमुद्रिकांवरील रचनांचे कर्तृत्व मॅक्लॉफ्लिनच्या नावावर नोंदलेले होते, आणि इतरांना आपल्या रचना वाजविल्या जाव्यात व आपला वाटा मान्य व्हावा असे वाटत होते. मॅक्लॉफ्लिन लबाड होता असे यातून सूचित करावयाचे नाही. मूळ स्वरावली त्याचीच होती. प्रश्न कायद्याचा आहे. स्वामित्व-हक्काचा कायदा स्वरावली लिहिणाऱ्याला मालक मानतो. त्या स्वरावलीवर ऐन वेळी दहा मिनिटांचे वादन उभे करणारा मात्र त्याच्या लेखी कामावर लावलेला माणूस ठरतो. ज्या कलेत मूल्याचा मोठा भाग वादनाच्या क्षणी, सर्वांच्या संयुक्त श्रमातून निर्माण होतो, तिला हे माप लावणे अन्यायाचे आहे. जून १९७३ मध्ये लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत या पाच जणांनी हॅमर, गुडमन आणि लेयर्ड यांच्याही रचना ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्या फिती २६ वर्षे पडून राहिल्या व १९९९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. पहिल्या दोन्ही ऐकून झाल्यावर ही तिसरी अवश्य ऐकावी.

चिक कोरिया याच्या रिटर्न टू फॉरेव्हर या चमूची 'रोमँटिक वॉरियर' (१९७६) प्रोग्रेसिव्ह रॉकच्या चाहत्यांना हटकून सांगितली जाते. सरदार, विदूषक, जुलमी राजा अशी मध्ययुगीन सजावट, आणि वादन असे की ऐकणाराच धापा टाकू लागतो. तिच्याविषयी हातचे राखूनच बोलावे लागते. अल डि मिओलाच्या गिटारीत आणि स्टॅन्ली क्लार्कच्या बासमध्ये अलौकिक तयारी आहे, पण कित्येक ठिकाणी दर सेकंदाला किती स्वर निघाले याचीच मोजदाद चालल्यासारखे वाटते. उत्पादकतेचा हा आग्रह कारखान्यात एक वेळ समजू शकतो. तरीही नवख्याला ती आवडते, हे नाकारण्यात अर्थ नाही, आवडू द्यावी. ब्रँड एक्स या चमूची 'अनऑर्थोडॉक्स बिहेव्हियर' (१९७६) आणि बिल ब्रुफर्डची 'वन ऑफ अ काइंड' (१९७९) या दोन इंग्रजी ध्वनिमुद्रिका त्याच घरातल्या, परंतु अधिक विनोदबुद्धीच्या.

इंग्लंडकडे वळल्यावर सॉफ्ट मशीनच्या 'थर्ड' (१९७०) ला टाळता येत नाही. दोन तबकड्या, चार बाजू, प्रत्येक बाजूवर १८-१९ मिनिटांची एकच रचना. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमधील 'प्रॉम्स' या अभिजात संगीताच्या महोत्सवात वादनाचा मान या मंडळींना मिळाला. नवख्याने तिसरी बाजू प्रथम लावावी. 'मून इन जून' ही ड्रमवादक रॉबर्ट वायट याची रचना. तीत तो आपल्या कापऱ्या, घरगुती आवाजात गातो आणि त्या आवाजाच्या सोबतीने श्रोता पुढच्या अवघड प्रदेशात नकळत शिरतो. वायट १९७१ मध्ये चमूतून बाहेर पडला, १९७३ मध्ये खिडकीतून पडून त्याचे पाय कायमचे गेले, पुढे तो ब्रिटनच्या कम्युनिस्ट पक्षाचा सभासद झाला. पण ही रचना ऐकावयाची ती तिच्यातील माणूसपणासाठी. तिच्यात कोणतीही घोषणा नाही.

घोषणा हवी असेल त्याने इटलीतील 'आरेआ' कडे जावे. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९७३ ची. तिला नाझी छळछावण्यांच्या दारावरील 'आर्बाइट माख्ट फ्राय', म्हणजे श्रम मुक्ती देतात, हेच वाक्य शीर्षक म्हणून दिलेले आहे. पहिल्या गीताचा आरंभ अरबी बोलणाऱ्या स्त्रीच्या आवाजाने होतो आणि नंतर बाल्कन नाचाच्या ठेक्यावर सगळा चमू तुटून पडतो. १९७४ मध्ये त्यांनी 'इंटरनॅशनल' हे कामगारगीत आपल्या पद्धतीने वाजवून स्वतंत्र तबकडीवर काढले. पत्रके वाटण्याचा त्यांचा उत्साह काही ठिकाणी संगीताला भारी पडतो, हे मान्य करावे लागेल. पण गायक देमेत्रिओ स्त्रातोस याचा आवाज ऐकला की सर्व आक्षेप गळून पडतात. अलेक्झांड्रियात जन्मलेला हा ग्रीक माणूस १९७९ मध्ये आजारी पडला तेव्हा उपचारांचा निधी जमविण्यासाठी सहकाऱ्यांनी मिलानमध्ये १४ जूनला मैफल ठरविली. १३ जूनला न्यूयॉर्कच्या रुग्णालयात तो वारला. वय ३४. मैफल झाली, ती त्याच्या स्मरणार्थ.

'हे सारे परक्यांचे, आपल्याला काय त्याचे?' या आक्षेपाला उत्तर द्यावयाचे तर मुंबईत जन्मलेल्या झाकीर हुसेन यांचे नाव पुरेसे आहे. महाविष्णुच्या गदारोळानंतर मॅक्लॉफ्लिनने विजेची वाद्ये बाजूस ठेवून झाकीर, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्यासह 'शक्ती' उभारली. तिची १९७६ मध्ये निघालेली पहिली ध्वनिमुद्रिका प्रत्यक्ष मैफलीची आहे. २०२३ च्या 'धिस मोमेंट' ला पुढील वर्षी ग्रॅमी मिळाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात झाकीर गेले.

आज या ध्वनिमुद्रिकांसाठी परदेशी तबकड्यांच्या किमती मोजाव्या लागत नाहीत. भ्रमणध्वनीवर त्या बहुतेक सर्व मिळतात. मात्र तेथील मोबदल्याची रीत समजून घ्यावी. स्पॉटिफायसारख्या सेवेवर ३० सेकंद वाजले की एक वादन नोंदले जाते, मग ती रचना दोन मिनिटांची असो वा 'मून इन जून' इतकी लांब. ही नगावरची मजुरी आहे, आणि नग लहान करणाऱ्यालाच ती परवडते. वीस मिनिटांची रचना आज कोणी का करीत नाही, या प्रश्नाचे निदान एक उत्तर श्रोत्यांच्या अभिरुचीबाहेर आहे. हयात कलावंतांची तबकडी विकत घेणे ज्यांना शक्य असेल त्यांनी ती घ्यावी.

एवढे ऐकून झाल्यावर डेव्हिसकडे परतावे. 'बिचेस ब्रू' कडे नव्हे, आधी 'इन अ सायलेंट वे' कडे. तिच्या दोन्ही बाजूंवर निर्माता टिओ मासेरो याने ध्वनिफीत कापून आरंभीचाच भाग अखेरीस पुन्हा जोडला आहे. नवख्या कानाला तो भाग दुसऱ्यांदा आला की ओळखू येतो आणि मधल्या अवकाशात आपण कोठून कोठे जाऊन आलो ते कळते. गिटारवर मॅक्लॉफ्लिनच आहे. तेव्हा तो लंडनहून न्यूयॉर्कला येऊन अवघे काही दिवस झाले होते.