शेंगांचा चोर कोण?



मागच्या खरिपात एका गावी गेलो, तर चावडीपुढे गर्दी. भुईमुगाच्या शेंगा खाणारा चोर पोत्यात धरून आणला होता. पोते उघडले, तर आत खवल्यांचा गोळा! ते खवले मांजर होते. रात्री बांधावर सापडले, म्हणून आळ त्याच्यावर. दोघेजण काठ्या घेऊन तयारच होते.

मी म्हटले, "थांबा. आधी खाल्लेल्या शेंगा दाखवा." टरफलांवर दातांच्या खुणा स्वच्छ होत्या. खवले मांजराच्या तोंडात तर एकही दात नसतो! शेतात गेलो. उकरलेल्या वेलांपाशी काळा-पांढरा काटा पडलेला. चोर होते साळिंदर. वनरक्षकाला बोलावले आणि खवले मांजराची सुटका झाली.

दोघेही रात्री हिंडतात, दिवसा बिळात राहतात. एकाचे काटे व दुसऱ्याचे खवले आपल्या नखांसारख्याच पदार्थाचे असतात. साम्य एवढेच.

साळिंदर उंदराच्या जातकुळीतले. पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून ते सतत कुरतडते. भुईमूग, मका, रताळी, झाडाची साल, माडाची कोवळी रोपे, काहीच सोडत नाही. ते काटे फेकून मारते, हे मात्र खरे नाही. ते उलटे धावून येते आणि सैल काटे कुत्र्याच्या अंगात रुततात. त्याच्या बिळाशी गळालेले काटे व कुरतडलेली हाडे दिसतात.

खवले मांजर लांब, चिकट जिभेने मुंग्या आणि वाळवी खाते. उकरलेले वारूळ ही त्याची खूण. वाळवीने ऊस, भुईमूग पोखरलेला शेतकरी त्याची किंमत जाणेल. मादीला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होते. मारलेल्याची भर लवकर निघत नाही. त्यात खवल्यांसाठी चोरटी शिकार चालते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला सर्वांत कडक संरक्षण दिले आहे. मारणे तर गुन्हा आहेच, खवले बाळगणेही गुन्हाच.

साळिंदरालाही मारता येत नाही. त्यासाठी शेताभोवती तारेची जाळी लावा आणि तिचा तळ फूटभर जमिनीत गाडा. माडाच्या रोपांना बुंध्याशी जाळी गुंडाळा. बिळात धूर मात्र करू नका. आत कोण आहे, ते बाहेरून कळत नाही.

तेव्हा काठी उचलण्याआधी टरफल उचलून पाहा.

आपला,
विस्तार अधिकारी (कृषी)